मध्यरात्रीपर्यंत

फूलबागेच्या चौकात त्यानं हात केला
तो आधी मला वाटलं, मागच्या ऑटोला.
जानेवारीचं धुकं, साडेनऊ वाजलेले,
किल्ला आज आपल्या जागी नव्हताच.
आधी पांढरा हातमोजा आला,
मग सुबेदार नरवरिया, नावाच्या पट्टीसकट.

"अंकल, कागज."

कागदांची मला भीती नाही.
एकतीस वर्षं मोटार विभागात काढली,
नया बाजार, पहिला मजला, जिन्याखाली चहावाला.
अख्ख्या लष्करातल्या गाड्यांच्या तारखा
तोंडपाठ होत्या मला.
पोरांचे वाढदिवस सुधा सांगायची.

आरसी काढली. लायसन्स. प्रदूषणाची चिठ्ठी.
पॉलिसी प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार घड्या घालून,
वर माझ्याच अक्षरात: मूळ प्रत, हरवू नये.

त्याचं बोट वरून खाली आलं, थांबलं.
"ये तो कल रात बारह बजे निपट गई, अंकल."

निपट गई.
आमच्या गल्लीत मेलेल्या माणसालाही
हेच म्हणतात.

मी म्हणालो, साडेनऊच तास झालेत.
मी म्हणालो, बत्तीस वर्षांत साधा ओरखडा नाही.
मी म्हणालो, आजच भरणार होतो,
आणि तिथं जीभ अडकली,
कारण ही तिन्ही वाक्यं मी ओळखत होतो,
टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं.

डबऱ्याचा रामहेत बाथम. टेम्पो जळाला होता.
दोन दिवस उशीर. बहिणीचं लग्न होतं, साहेब.
खुर्चीच्या अगदी कडेला टेकला होता, जणू
पूर्ण बसायचेही पैसे पडतील.
मांडीवर गजकचा डबा. तो टेबलावर ठेवावा की नाही
हे त्याचं शेवटपर्यंत ठरलं नाही.
मी कडक नव्हतो. आवाज चढवला नाही.
नियमाचं पान उघडून त्याच्याकडे वळवलं,
त्याला वाचता येत नव्हतं, तरी.
मग शिक्का. शाई कमी उमटली
म्हणून दुसऱ्यांदा मारला.

सुबेदारही कडक नव्हता.
मशीनचा काचेचा चौकोन माझ्याकडे वळवला: दोन हजार.
"नियम है, अंकल. मैं क्या करूँ."
आवाजात दिलगिरी, अगदी मापात.
ती जमायला मला सात वर्षं लागली होती,
हा पोरगा तिशीच्या आत शिकला.

पावती निघाली, इंदापूरकरचं इंद्रपुरकर झालेलं.
जाऊ दे.
पुतण्याला फोन लावला. त्यानं तिकडून नवी पॉलिसी भरली,
पाच मिनिटांत, ना जिना ना शिक्का.
"लागू कधीपासून?"
"आज रात्री बारापासून, काका."

म्हणजे आजचा दिवस कुणाच्याच वहीत नाही.
सुबेदारानं बॅरिकेड सरकवलं: "आराम से जाइए."

पहिला पक्ष मी, दुसरा पक्ष कंपनी,
तिसऱ्यात बाकी सगळे:
हे मी शेकडो गिऱ्हाइकांना समजावलंय
बोटं मोजून.
पण बाकी सगळे असे एका सकाळी
धुक्यातून एकेक करत समोर येतील
असं कुठल्या कलमात नव्हतं.
नदी गेटपाशी मफलरमधलं पोर, हातात दुधाची बरणी.
जयेंद्रगंजात म्हैस, ओली, घाई नसलेली.
मग एक म्हातारी, रस्ता ओलांडायचा की नाही
हे जिचं अजून ठरलेलं नाही.

थांबलो. गियर काढला.
मागचे हॉर्न देत राहिले.
मी काचेबाहेर हात केला, जा म्हणून.
तिनं हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि सावकाश, सगळा रस्ता वापरून, गेली.

जिन्सी नाल्यापर्यंत वीसच्या वर
काटा जाऊ दिला नाही.
सुधानं चहा ठेवता ठेवता विचारलं,
एवढा कसला उशीर?

"दोन दिवस," मी म्हणालो.

ती म्हणाली, काय?